पान फाडायचं नाही

जून लागला की आमच्या टेकडीवर वह्या वाटल्या जायच्या. घाटकोपर पश्चिमेच्या त्या बैठ्या चाळींत तीन पक्षांची तीन कार्यालयं होती. तिघांच्याही वह्या सारख्याच, पातळ कागदाच्या, शंभरपानी. फरक एवढाच, की पुठ्ठ्यावर हात जोडून हसणारे साहेब वेगळे. काकी तिन्ही रांगांत उभ्या राहायच्या. पासष्टी ओलांडलेली, सुपारीएवढा पांढरा अंबाडा, हातात कापडी पिशवी, मागेपुढे सगळी शाळकरी पोरं.

कार्यकर्ता विचारायचा, "काकी, मुलगा कितवीत?"

"मुलगो दुबैत. पयलीत मीच आसंय."

"अहो, ह्या फक्त शाळेतल्या मुलांना आहेत."

"बरा तर. मतां पण पोरांकडनाच घेवा."

वही मिळायची. बहुतेक वेळा दोन मिळायच्या.

मी काकींचा भाडेकरू होतो. चाळीतल्या त्यांच्या खोलीवर माळा होता आणि त्याला बाहेरून लोखंडी शिडी होती. तिथे मी चार वर्षं राहिलो. एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होतो, अजून आहे. काकी आता मालवणजवळ त्यांच्या गावी असतात, आणि मी घाटकोपरातच पन्नाशी पार केली. त्यांच्या गोष्टी मी पुष्कळांना सांगितल्या आहेत. लोक हसतात, पुढे सांगा म्हणतात. त्यात एक गोष्ट मात्र मी दर वेळी गाळत आलो. ती आज सांगणार आहे, पण आधी काकी नीट सांगायला हव्यात.

काकींचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर काकी एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागल्या. बाटलीच्या खोक्यात जो बारीक अक्षरांचा कागद असतो, त्याच्या आठ घड्या घालून तो खोक्यात सरकवायचा, हे काम त्यांनी पंचवीस वर्षं केलं. नोकरी संपली तरी बोटं थांबेनात. दुधाची पिशवी असो, लाइटचं बिल असो, लग्नपत्रिका असो, हातात आलं की त्याची घडी व्हायची. "हात रिकामी ऱ्हवले की माका कणकण येता," म्हणायच्या. त्यातून या वह्या निघाल्या.

फुकटच्या वहीतल्या पिना त्या उलथन्याच्या टोकानं उपटायच्या. मग अख्खी वही विळीवर आडवी धरून मधोमध कापायच्या. विळी मासे कापायचीच, फक्त धुतलेली. चार-पाच कागद एकात एक घालून दुमडायचे, असे जुडगे करायचे, दाभणानं शिवायचे आणि मैद्याची खळ लावून पुठ्ठ्यात बसवायचे. खळीत चिमूटभर मोरचूद, झुरळं लागू नयेत म्हणून. तळहाताएवढी वही तयार व्हायची. मग तिच्या पानांना चहा पाजायचा, नाहीतर कोकमाचं आगळ, नाहीतर हळद. आणि त्यानंतर त्यात काय वाटेल ते: चित्रं, चिटोऱ्या, बटणं, गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, साडीचं लेबल, वाळवलेली कढीपत्त्याची डहाळी. रंगपेटी, कात्री, पट्टी यांतलं काही घरात नव्हतं. चित्रं काढायची ती काजळाच्या कांडीनं, आणि फार तर माझ्याकडून उसन्या घेतलेल्या लाल बॉलपेननं. ते पेन परत मिळाल्याचं मला आठवत नाही.

पुठ्ठ्यावरच्या साहेबांना त्या टाकून देत नसत. उलटे करून आत घ्यायच्या. "इतक्या हसऱ्या माणसाक भायर उन्हात कित्याक ठेवूचा?" त्यामुळे वही उघडली की पहिले साहेब भेटायचे, काजळाची नथ आणि कुंकू लावलेले. एकदा पाण्याच्या तक्रारीसाठी एक कार्यकर्ता घरात आला आणि त्यानं ते पाहिलं.

"काकी! साहेबांना नथ? कोणी दाखवलं ना त्यांना, तर माझी वाट लागेल."

"वाट कसली लागता? बरो दिसता मरे. बायकांची मतां वाढतली."

तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला तेव्हा आम्ही म्हटलं, झालं आता. तर खिशातून स्वतःचा बॅनरवरचा फोटो काढून म्हणतो, "माझी पण एक वही करा ना. फक्त नथ नको, फेटा घाला."

काकींचा नियम एकच होता. पान फाडायचं नाही. चित्र बिघडो, चहा सांडो, खळीत मुंगी अडको, पान राहणार. "चुकलेल्या पानाक कपडे घाल," म्हणायच्या. म्हणजे त्यावर दुसरं काहीतरी चिकटवायचं. त्यामुळे त्यांच्या वह्या वर्षभरात इतक्या फुगायच्या की मिटायच्याच नाहीत. मी पडलो ग्रंथालयातला माणूस. मी म्हणायचो, "काकी, अशी बांधणी टिकत नाही. पुस्तक कसं ताठ उभं राहिलं पाहिजे."

"तुझी पुस्तका उभी ती उपाशी. माझी बघ, जेवलेली."

माळ्यावर राहून जाणाऱ्या प्रत्येक भाडेकरूची त्या एक वही करत. कपडे त्यांच्या मशीनमध्ये धुवायला टाकायची सोय होती. अट एवढीच, की खिशात जे सापडेल ते त्यांचं. बसचं तिकीट, कॉलेजच्या कँटीनचं कुपन, पेनाचं टोपण, सगळं वहीत जायचं. आणि मधूनमधून काजळानं काढलेला आपण. निघताना वही हातात मिळायची. माझ्या आधी माळ्यावर राहिलेला एक जण आता कुठल्याशा आखातातल्या शहरात आहे. तो अजून ती वही उशाशी ठेवतो, असं काकींच्या मुलानं फोनवर सांगितलं होतं.

आणि या सगळ्या वह्या शिवल्या जायच्या तो धागा नाखवीण आणायची.

नाखवीण म्हणजे मासेवाली. ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातली, काकींच्याच वयाची, आवाजानं चार गल्ल्या पुढे असणारी. बुधवारी आणि शुक्रवारी यायची. सगळीकडे फिरून झालं की शेवटी उरलेल्या माशांची पाटी घेऊन काकींच्या उंबऱ्यावर बसायची, चहा प्यायची आणि जाळं विणायच्या नायलॉनच्या धाग्याचं रीळ पुढे टाकायची. रावसाची खवलंसुद्धा धुऊन, वाळवून तीच आणायची. काकी ती टिकल्यांसारखी चिकटवायच्या. दोघींची ओळख तीस वर्षांची. एकमेकींना चांगलं म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

"काय गो, आज बांगडो कालचो दिसता."

"तुज्यापेक्षा ताजा हाय, घे."

काकी तिला किती दिवस सांगत होत्या, तू पण एक चित्र काढ. ती म्हणायची, मना नाय येत. एका शुक्रवारी काय वाटलं कोण जाणे, काकींच्या हातात माझी वही होती ती तिनं ओढून घेतली आणि काजळाच्या कांडीनं एक होडी काढली. तिच्या नवऱ्याची होडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, होडीही विकली गेली होती. तिनं फार वेळ लावून काढली. शीड काढताना जीभ बाहेर आली होती. काकींनी पाहिलं आणि म्हणाल्या, "ही होडी काय चप्पल गो?"

दोघी खूप हसल्या. मी शिडीवर बसून पाहत होतो. नाखविणीचं हसू जरा आधी थांबलं, एवढं माझ्या लक्षात आहे.

आता माझं.

बायको तेव्हा राजापुरात माझ्या आईपाशी होती. महिन्यातून एकदा तरी शनिवारी निघून घरी जाता आलं असतं. मी जात नव्हतो. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजची अभ्यासिका रविवारीही उघडी असते, असं मी तिला एकदा सांगितलं होतं. ते तेव्हा खरं होतं. पुढे परीक्षेचे ते दिवस मी वर्षभर लांबवले. दर रविवारी तिचा फोन आला की म्हणायचो, आज ड्यूटी आहे. आणि ड्यूटी काय, तर माळ्यावर उताणं पडायचं आणि पाय भिंतीवर टाकायचे. दुसरी बाई नव्हती, दारू नव्हती. तसलं काही असतं तर निदान सांगायला तोंड असतं. मला एकटं पडून राहायला आवडायचं. कोणी काही विचारू नये, कोणी वाट पाहू नये. बायको कशी आहे हे न विचारता एक अख्खा दिवस जायचा आणि मला ते आवडायचं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मे महिन्यात ती चार दिवसांसाठी येणार होती. येण्याच्या आदल्या सकाळी काकी बाजारात गेल्या होत्या. त्यांची वह्यांची पत्र्याची पेटी उघडी होती, आणि मी माझी वही काढून पाहिली. कँटीनची कुपनं, माझ्या शर्टाचं बटण, छान होतं सगळं. मग एक पान आलं. त्यावर सात चौकोन होते. प्रत्येक चौकोनात एक माणूस उताणा, पाय भिंतीवर, कानाला फोन. एकात एका पायात मोजा आहे, एकात नाही. शेवटच्या चौकोनात नुसते पाय. आणि प्रत्येकाच्या खाली काकींची मोठी मोठी अक्षरं: आज डूटी. आज डूटी. आज डूटी.

माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. खालून काय काय ऐकू जात असेल, दिसत असेल, याचा विचार मी कधी केलाच नव्हता.

काकी बायकोला वही दाखवणार, हे नक्की होतं. त्या आल्यागेल्याला दाखवायच्या. मी पान धरलं आणि ओढलं.

पुस्तकांची पानं फाडणाऱ्या पोरांना पकडणं हे माझं काम आहे. शिवलेल्या वहीत एकटं पान नसतं, हे मला कळायला नको होतं का? कागद मधोमध दुमडलेला असतो. त्याचं एक पान पुढे, दुसरं मागे, मधून धागा. माझ्या हातात अख्खा कागद आला. एका अंगाला माझे सात रविवार, दुसऱ्या अंगाला नाखविणीची होडी.

तेवढ्यात गल्लीत काकींचा आवाज आला. मी वही पेटीत टाकली, कागद खिशात कोंबला आणि कामावर गेलो. तिथे रविवारांच्या चिंध्या केल्या. होडी मात्र फाडवेना. संधी मिळाली की गुपचूप चिकटवू म्हणून मी ती एका जाड पुस्तकात सपाट व्हायला ठेवली. कुठल्या पुस्तकात, ते दुसऱ्या दिवशी आठवेना. पंधरा दिवस मी कपाटं उपसत होतो. ती अजून सापडलेली नाही. कुणा विद्यार्थ्याच्या हाती लागली असेल तर त्याला ती होडी आहे हे कळलं असेल, असं वाटत नाही.

बायको आली. काकींनी वही दाखवली, ती पोट धरून हसली. "आता नाखविणीची होडी दाखवतंय," म्हणत काकींनी पान शोधलं. धागा ढिला पडला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, वही मिटली आणि चहा टाकायला उठल्या.

बायको मंगळवारी परत गेली. बुधवारी नाखवीण उंबऱ्यावर बसली. मी शिडीवर होतो.

"तुझ्या होडीचा पान खय आसा?"

"तुज्या वहीत."

"माझ्या वहीत नाय. मी हसलंय म्हणान फाडून नेलंस?"

"मी? मी कशाला नेऊ? तुला चप्पल वाटली, तूच काढून टाकलं असशील."

"माझ्या हातान पान फाटता? तीस वर्सां बघतंस ना माका?"

"तू पन बघतंस ना मना?"

इथे एकीला जरी हसू आलं असतं तरी निभावलं असतं. मी तोंड उघडलं असतं तरी निभावलं असतं. नाखविणीनं चहा अर्धा ठेवला आणि ती उठली. पाटी तिच्या डोक्यावर चढवायला दर वेळी काकी हात लावायच्या. त्या दिवशी तिनं वर माझ्याकडे पाहिलं. "जरा हात लाव रे."

मी खाली उतरलो आणि हात लावला.

त्यानंतर ती गल्लीत आली नाही. जूनमध्ये काकी तिन्ही रांगांत उभ्या राहिल्या, वह्या आणल्या, विळीवर कापल्या, जुडगे केले. रीळ संपलं होतं. मी दुकानातून जाड दोरा आणून दिला. "ह्यो? ह्यो भज्यांची पुडी बांधूक," म्हणून त्यांनी तो खिडकीत ठेवला. न शिवलेले जुडगे पेटीवर चढत गेले. काकी हातात घडी करायला काही नसलं की पदराचीच घडी घालत बसायच्या. ऑगस्टमध्ये मला नाखवीण स्टेशनजवळच्या मासळी बाजारात दिसली. म्हणाली, "तुजी काकी बरी हाय ना? पान नको व्हतं तर सांगायचं. फाडायचं कशाला?" मी अर्धा किलो कोलंबी घेतली आणि निघालो. तोंड न उघडण्याची ही दुसरी वेळ.

नोव्हेंबरात आई भावाकडे गेली आणि बायको कायमची मुंबईला आली. मी पुढच्याच गल्लीत खोली घेतली होती. पहिल्या रविवारी काकींनी आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "काकी, ह्यांची वही आता मिळणार ना?"

"देतंय कशी? अपुरी आसा. एका बाईन आपला पान फाडला, जोडीचा ह्येचा पण गेला, आनी रुसून बसली."

"असं सुंदर काम कोण फाडतं? हलकट असणार बाई."

ताटावर हात तसाच होता माझा. "बाई नाही," मी म्हटलं. "मी."

मग सगळं सांगितलं. होडी, पुस्तक, पाटीला लावलेला हात. फक्त माझ्या पानावर काय होतं ते सांगितलं नाही. काकींनी हातातली वाटी खाली ठेवली. मला वाटलं, रडतील. नाहीतर उठवून लावतील.

"सा म्हयने," त्या म्हणाल्या. "सा म्हयने मी त्या टेम्पोवाल्याचो बर्फातलो बांगडो खातंय. मेल्या, तुका एक दिवस पण वाटला नाय, म्हातारी काय खाता?"

"चुकलं, काकी."

"चुकला ता दिसता. उठ. हात धू आनी ट्रॉम्ब्याक जा. आताच्या आता."

बायकोनं विचारलं, "पण त्या पानावर होतं काय?"

मी काकींकडे पाहिलं. काकी ताटं उचलत म्हणाल्या, "पान त्येचा. माका कित्याक इचारतंस?"

बस अर्ध्या तासात पोचली तेव्हा मला ती फार लवकर पोचल्यासारखी वाटली. नाखवीण दारात जवळा निवडत बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. ती ऐकत होती, बोटं चालूच.

"म्हंजे तिनं नाय फाडलं?"

"नाही."

"सा महिने मी तिला शिव्या देतंय. त्या आता कोनाला लावू?"

"मला लावा."

तिनं लावल्या. शेजारची दोन-तीन दारं उघडली, एका म्हाताऱ्यानं तर बाहेर खुर्चीच आणली. सगळ्या संपल्यावर ती आत गेली आणि धाग्याची दोन रिळं माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "बुधवारी येतंय. तिला सांग, हसलीस तर पाटी डोक्यात घालीन."

बुधवारी मी रजा टाकली. काकींनी एक कोरा कागद मधोमध दुमडून उलगडला आणि जमिनीवर ठेवला. डाव्या अंगाला बोट ठेवून नाखविणीला म्हणाल्या, "ह्या तुझा." मग माझ्याकडे बघून, "आनी ह्या तुझा. आदी होता तसा काढ. मी काढूचंय नाय."

"काकी, मला चित्र येत नाही."

"हिका खय येता?"

नाखविणीनं होडी काढायला घेतली. काकींनी पदराचा बोळा तोंडात धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. नाखविणीनं एकदा वर पाहिलं. "हस, हस. नायतर पोट फुटेल." मग काकी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. नाखवीणही हसली, आणि हात हलून शीड आणखी वाकडं झालं. ही होडी पहिलीपेक्षा वाईट होती. कोणी फाडली नाही.

मी सात चौकोन आखले. माणूस जमेना, म्हणून मी नुसते पाय काढले, सात जोड्या. भिंत काढली. फोन काढला, तो साबणाच्या वडीसारखा झाला. मग प्रत्येकाच्या खाली तेच लिहिलं: आज डूटी. काकी वाचत होत्या आणि काही सुधारत नव्हत्या. सातव्या चौकोनापाशी माझ्या हाताला घाम आला आणि काजळ पसरलं.

बायको खोलीवरून शोधत आली होती आणि दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

"झालं?" तिनं विचारलं.

"ओलं आहे अजून. हात लावू नकोस."

"वाचायला हात कशाला लागतो?" म्हणाली, आणि साडी सावरून माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

ती एकेका चौकोनावर थांबत गेली. काकी आणि नाखवीण एकमेकींना खेटून बसल्या. सातव्या चौकोनानंतर बायकोनं वर पाहिलं नाही.

"मी फोन ठेवल्यावर," ती म्हणाली, "पाय खाली घ्यायचात, की तसेच?"

"तसेच."

तिनं माझ्या हातातली काजळाची कांडी घेतली, आणि माझ्या सातव्या चौकोनाशेजारच्या उरलेल्या जागेत आठवा आखायला घेतला, स्वतःचा.